चार बोटं

लळिंगच्या घाटात, अर्ध्या चढावर
गाडीनं पुन्हा वाफ सोडली.
बासष्टची फियाट. पोटात कुणीतरी कधीतरी
कोंबलेलं डिझेल इंजिन,
आणि पंख्याच्या पात्याला नाक लावून
अंग चोरून उभा रेडिएटर.

आग्रा रोडला मिस्तरीनं बॉनेट उघडलं.
हात घातला नाही, नुसता तळवा धरला वर,
लेकराचा ताप बघावा तसा.
"पानी भरपूर शे, भाऊ.
तपेल हवाले निंघाले वाट नही."

मग तीन दिवस.
हॉर्नची पट्टी कापून
रेडिएटर पुढं सरकला चार बोटं.
शेंगदाणा तेलाचा डबा उभा चिरून
पंख्याभोवती घेर झाला,
त्यावर 'शुद्ध' अजून वाचता येतं.
बॉनेटच्या बिजागरीखाली दोन-दोन वायसर,
मागं फट, करंगळी जाईल एवढी.
मी म्हणालो, ध्यान दिसतंय.
तो बशीतला चहा फुंकत राहिला.

मे महिना. धुळ्यात पंचेचाळीस.
कुमुद शेजारी, मांडीवर पाच लिटरचा कॅन.
"मिस्तरीचं नावच दगा," ती म्हणाली,
"काय भरवसा?"

घाट लागला. काटा चढला,
तांबड्या रेघेला टेकला,
आणि तिथंच थरथरत थांबला.
फटीतून निघालेली झळ
काचेवरून वर जाताना दिसत होती,
तिच्यामागं किल्ला पाण्यातल्यासारखा हलत होता.
माझा डावा गुडघा भाजतच होता,
त्यावर दगाकडेही इलाज नाही.

माथ्यावर कुमुदनं कॅनचं झाकण फिरवलं,
एकदा बॉनेटकडं पाहिलं,
आणि पाणी स्वतःच प्यायली.