दामोणे

स्लाइडच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते:
शाबा पार्सेकर, ६४, पालये.
अक्षर माझेच.
आधी नाव, मग थुंकी,
असा आमच्या म्हापशाच्या लॅबचा नियम.
नाते लिहायला रकाना नाही.

फुक्सीन ओतले, खालून ज्योत फिरवली.
वाफ यावी, उकळी येऊ नये.
हुर्राक काढणाऱ्या घरात
हे कुणाला शिकवावे लागत नाही.
मग आम्ल, मग निळा रंग,
तेलाचा थेंब,
आणि डोळा.

निळ्यात तांबड्या काड्या.
कुठे एकटी, कुठे जुडी,
कुंकवात घोळून सांडलेल्या
मोडक्या शेवयांसारख्या.
शंभर क्षेत्रे मोजायची असतात.
विसाव्यालाच कळले होते.
तरी मोजली.

बाबा बाहेर बाकावर,
गुडघ्यांवर दोन्ही तळवे पालथे,
माडाच्या खोडाने घासून चामडे झालेले.
'सुरात फसफसतात, तींच काय गे?'
नव्हे बाबा, ही वेगळी.
'म्हणजे ह्यांची त्यांची वळख ना?'
नाही.
ते थोडा वेळ भिंतीवरचा पोस्टर बघत राहिले,
'खोकताना तोंडावर रुमाल धरा.'
'पूण दोगांकय हांवेंच पोसलीं.'

बेचाळीस माड, दिवसातून तीन खेपा.
कातीने पोय तासायची, दामोणे अडकवायचे,
कमरेचा दुदिणो भरून उतरायचे.
पहाटे इनास पदेराच्या दारात
अर्धा घडा, आदल्या दिवसाचा.
तिथून पुढे बाबांचे काम नसे.
अंधारात कुणीतरी पीठ फुगवी,
कुणीतरी सान्नां हलकी करी,
उरलेल्या सुराचा इनासची बायको
महिनाभरात शिर्को करी, असे ती म्हणे.
करणारे दुसरेच होते.
माझी कॉलेजची फी, हा पांढरा कोट,
माझे सूक्ष्मदर्शकाला टेकलेले कपाळ,
सगळे त्यांच्या मजुरीतले,
आणि त्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही.

सहा महिन्यांच्या गोळ्या.
त्यातली तांबडी, मी बाबांना सांगितले,
मातीत राहणाऱ्या एका जिवाकडून आली.
'कोणाच्या शेतातल्या?'
दूरच्या, बाबा.
लघवी नारिंगी झाली तेव्हा ते घाबरले नाहीत,
म्हणाले, पिकल्या बोंडूचा रंग.
दोन महिन्यांनी स्लाइड निळीच निघाली,
निव्वळ निळी.
मी तीही शंभर वेळा पाहिली.

चूक मी केली ती ह्याच दरम्यान.
घर झाडले, चादरी उकळल्या,
खोपीत टांगलेले जुने दामोणे दिसले,
तळाशी करडा गाळ, वास आंबूस.
काथ्याने घासले, ब्लीच घातले,
तीन पाणी, उन्हात पालथे.
लॅबमध्ये ह्याला स्वच्छ म्हणतात.

बाबांनी ते उचलले.
आत नाक घातले.
बराच वेळ नाक आतच.
ओरडले असते तर बरे झाले असते.
'आज्जाच्या वेळेपसून धुवलेलें ना,' म्हणाले,
आणि दामोणे माझ्याच हातात देऊन:
'गोकुळदासाकडे वच. तळचे घोटभर माग.'

गोकुळदासाने कारण विचारले नाही.
आपल्या घड्याच्या बुडाचे ढवळून ओतले,
वर माडाचा पाला झाकला.

मी रोज नमुने वाहून नेते:
बर्फाच्या डब्यात, तिहेरी वेष्टनात,
हातमोजे घालून, अंगापासून लांब.
हे घेऊन बांधावरून निघाले
तेव्हा खाजनात भरती चढत होती,
चिखल बुडबुडत होता आपल्याच कामात,
आणि वारा गार होता.
गारव्याने ती सुस्तावतात, एवढे मला माहीत.
पदर नव्हता. ओढणी गुंडाळली,
दामोणे पोटाशी धरले.

बाबा आता माडावर चढत नाहीत.
गोकुळदासाचा पुतण्या चढतो, ते खालून शिव्या देतात.
पहिल्या रात्री खाटेखाली घडा ठेवून झोपले.
मध्यरात्री मला हाक:
'ये, कान लाव.'
मी कान लावला.
मला काही ऐकू आले नाही.
'लागलीं,' ते म्हणाले.