शुक्रवारचा फेरा

आज माझी पाळी, आणि स्टेनव्हरची.
पिवळी जाकिटं, थर्मास, टॉर्च,
खिशात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या.
शस्त्रं म्हणाल तर एवढीच.
बंदरापासून चर्चपर्यंत, चर्चमागून शाळेकडं,
मग पेट्रोल पंपाला वळसा. संपलं गाव.
आइसलँडच्या पूर्व काठावर
शिवणीतून सुटलेला एक धागा.

नोव्हेंबर. दिवस साडेतीनलाच मावळला,
तेव्हापासून रात्रच चालू आहे.

कुणाला पकडायला आम्ही निघत नाही.
पहिल्या बैठकीतच ठरलं होतं ते,
पहिलीच्या वर्गात, पोरांच्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो तेव्हा.
नुसतं दिसायचं.
रस्त्यावर कुणीतरी आहे, एवढं कळू द्यायचं.
स्टेनव्हर म्हणाली होती,
"माझ्या आईनं कधी विचारलं नाही, कुठं होतीस.
विचारलं असतं तर खोटंच सांगितलं असतं मी.
पण विचारलं असतं."

माशाच्या वखारीमागं वारा लागत नाही.
तिथं पूर्वी आम्हीच बसायचो,
बाटली एक, तोंडं चार.
ओड्डूर एका पहाटे तिथून घरी निघाला.
घर डावीकडं होतं.
तो उजवीकडं वळला, धक्क्याकडं.
त्याची आई, गुडनी, अजून
खिडकीतला दिवा मालवत नाही.

आज तिथं तिघं.
टॉर्च मी जमिनीकडंच धरतो;
तोंडावर उजेड मारला की माणसाची भिंत होते.
टोर्फी, ब्रिनया, आणि एक नवा,
बाप पोलंडहून मासे कापायला आलेला.
मिवोश. त्याचं नाव मी दोनदा चुकलो,
तिसऱ्यांदा त्यानंच माझ्या जिभेवर बसवलं.
पाठीमागं काहीतरी लपवलं होतं.
मी पाहिलं.
मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.
स्टेनव्हरनं गोळ्यांची पुडी पुढं केली.

"इथं काय करताय?" मी विचारणार,
तर टोर्फीच म्हणाला, "तुम्ही इथं काय करताय?
हॉल आठला बंद. घरी जायचं दहाला.
मधले दोन तास कुठं ठेवायचे, सांगा."

दोन तास. सामानासारखे.
दोन्ही हातांत धरून उभा होता तो.

हॉलचा रखवालदार मी.
एकवीस वर्षं ती किल्ली माझ्याच कमरेला.
आठच्या ठोक्याला "चला, चला" म्हणत
दिवे घालवणारा हात हाच.
म्हणजे पोरांना बाहेर काढायचं मीच,
आणि पिवळं जाकीट चढवून
गावभर शोधायचंही मीच!

स्टेनव्हर काही बोलली नाही.
नुसती माझ्या कमरेकडं पाहत राहिली.

त्या रात्री उघडला हॉल, न विचारता.
सोमवारी पंचायतीच्या हिशेबनीस हॅल्बेराबाईंनी
विजेचं बिल टेबलावर आपटलं.
मी म्हटलं, माझ्या पगारातून कापा.
त्यांनी खरंच कापलं, दोन महिने.
मग एका शुक्रवारी स्वतःच आल्या,
बॅडमिंटनची जुनी रॅकेट घेऊन,
आणि ब्रिनयाकडून सडकून हरल्या.

सगळं गोड झालं असं नाही.
वखारीमागं बाटली अजून सापडते कधी कधी,
मी उचलतो, कुणाची ते विचारत नाही.
टोर्फी तीन आठवडे आला, चौथ्याला नाही.
मिवोश रोज येतो; खेळत नाही,
भिंतीला टेकून चेंडू परत फेकतो फक्त.

दहाला कुलूप. शेवटचा फेरा एकट्याचा.
गुडनीच्या खिडकीखाली थांबतो.
ती काच वर करते,
थंडी आत येते त्याचं तिला काही नाही.
"किती होते आज?"
"अकरा."
ती थोडा वेळ गप्प.
"मागच्या खेपेला बारा होते."

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं,
आणि पुन्हा बंदराकडं वळलो.