शेरा

कुतैसीचं बाहुली-नाट्यगृह
नदीपलीकडच्या नव्या इमारतीत चाललंय.
मला तीन आठवड्यांसाठी ठेवलंय, मोजायला.
हातात पिस्तुलासारखा रीडर, त्याच्या पाठीवर बसवलेला मोबाइल,
मोबाइलमध्ये ॲप,
ॲपमध्ये सहाशे पंधरा नावं.

प्रत्येकाच्या अस्तरात टाचलेली एक पट्टी,
पट्टीवर मोहरीहून लहान चिप,
तिच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमची नागमोडी रेघ.
चाप ओढला की हजेरी सुरू.
राजा, हजर. दुसरा राजा, हजर.
मुंडकं नसलेला बोकड, हजर.
चाळीस सैनिक एका पेटीतून, एका दमात.
पेटी उघडावीही लागत नाही.
पहिल्या दिवशी फार मजा वाटली याची,
मग जराशी लाज:
चाळीस जण भेटले
आणि एकाचंही तोंड पाहिलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी आकडा सहाशे चौदावर अडला.
तीनशे अठ्ठ्याऐंशी नाही.
'हंसी. पांढरी. मान लवते. १९७१.'

एकच वस्तू शोधायची तर ॲपमध्ये वेगळं बटण आहे.
क्रमांक निवडायचा आणि चालायचं.
जवळ गेलं की पडद्यावरची पट्टी भरत जाते,
टिक. टिक. टिकटिक. टिकटिकटिक.
लपवलेला खडू शोधायचा लहानपणचा खेळ,
फक्त कोपऱ्यात तोंड दाबून हसणारं कुणी नसतं.

आधी लोखंडी कपाटांनी फसवलं.
लहर पत्र्यावर आपटते, उलटून येते;
हे कपाट म्हणतं माझ्यात, समोरचं म्हणतं माझ्यात.
जिन्याखाली तीस टक्के.
रंगाच्या डब्यांपाशी शून्य.
मी गुडघ्यांवर, केसांत जाळी.
दारात बद्री, ट्रकवाला, सूर्यफुलाच्या बिया सोलत:
"निघायचं का?"
साडेपाच.

दुरुस्तीच्या खोलीत त्सित्सिनो बसलेली.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी येते,
थर्मासमध्ये स्वतःचा चहा घेऊन.
यादीतून तिचं नाव काढलं,
खुर्ची काढायची राहून गेली.
तिच्याभोवती पिस्तूल फिरवलं.
बारा टक्के. नऊ. मग काहीच नाही.

"इथे नाहीये," मी म्हणाले, मोबाइललाच.
"काय नाहीये?"
"हंसी."
"कुठली?"
"मान लवणारी."
"लवत नाही आता. तार तुटलीये."
तेवढ्यात तिच्या सुईत दोरा गेला एकदाचा,
आणि हात मोकळे हवेत म्हणून
शालीखाली दाबून धरलेलं पांढरं काहीतरी
तिने काढून टेबलावर ठेवलं.

मोबाइल किंचाळला.

त्याचा दोष नाही.
शिकवायला आलेल्या माणसाने बजावलं होतं:
धातूपासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा.
माणसांबद्दल काही बोलला नव्हता.
आणि म्हातारी बाई म्हणजे तरी काय,
लोकरीत गुंडाळलेलं तीसेक लिटर पाणी.
अंगाशी धरलेली वस्तू त्यात बुडते,
हाक मारली तरी ओ देत नाही.

"बंद कर ते. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतंय."
बंद केलं.

ॲपने विचारलं: सापडली?
हो.
कुठे?
फडताळ, खण, पेटी, ट्रक.
पाचवा पर्याय नव्हता.
खाली बद्रीने हॉर्न दिला, दोनदा.
"अर्धा तास लागेल," त्सित्सिनो म्हणाली, मान वर न करता,
"तो बारका चिमटा दे."
दिला.

सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना असतो.
कुणी वाचत नाही तो; तीन आठवडे मीही
रिकामाच सोडत आले.
तिथे टाइप केलं:
काखेत.