अर्थिंग

माझ्या आवाजाखाली एक घूं यायची.
"आज रात्री ठीक दहा वाजता, बाजारचौकात..."
आणि गळ्याच्या तळाशी कुठंतरी मोटर सुरू.
नाटकवाले म्हणाले, भाऊ,
तुमच्या जाहिरातीत राइसमिल वाजते.

मदरबोर्डवरच्या आवाजाचा भरवसा सुटला तेव्हा
नागपूरला गेलो, सीताबर्डीत.
नानकसेठनं दोन डबे ठेवले.
आठशेचा. साडेतीन हजारांचा.
"गेम खेळता?"
"नाही. झाडीपट्टीच्या नाटकाची गाडी फिरते,
तिच्यावर बोलतो."
त्यानं महागडा डबा बोटानं पुढं सरकवला.
खिशात चिठ्ठी होती: स्लॉट लांब एक, आखूड दोन.
आखूडचं घेतलं.
वडसा येईस्तोवर डबा मांडीवर.

झाकण उघडलं तर पंख्यामागं
पालीचं वाळकं अंडं.
कार्ड बसलं, कट्.
तेवढा एक आवाज स्वच्छ.
माइक लावला. घूं तिथंच.

शालिक वायरमन आला.
कार्डाकडे बघितलंही नाही,
सरळ मागच्या दारी, सीताफळाखाली.
"अर्थिंग वारली तुमची. कई पानी टाकलं होतं?"
वाळली म्हणत होता तो.
मला दोन्ही ऐकू आलं.
मग मीठ, कोळसा, बादलीभर पाणी.

आता रेकॉर्डिंगच्या आधी यमुना बादली घेऊन मागं जाते.
किंमत तिला आठशेच माहीत आहे.
मी म्हणतो, "आज रात्री..."
आणि खाली काहीच नसतं.
इतकं, की पुढचं गावाचं नाव विसरतो.

सीताफळाची पानं
मिठाच्या बाजूनं पिवळी पडायला लागलीत.