वाऱ्याची कोरणी

नेव्हिओने टेबलावर हिरवं फेल्ट पसरलं
आणि तीन दांडे मांडले,
दाताच्या डॉक्टरकडे असतात तसे चकचकीत,
प्रत्येकाच्या शेपटाला एक पातळ नळी.
"डेल्फिना, हा मिनिटाला आठ हजार ठोके देतो."
मी म्हटलं, मी आजवर किती दिले
ते मोजलेत का कुणी?

छत्तीस वर्षं हातोडी आणि छिन्नी.
बंदुकीच्या बगलपट्टीवर
वेली, पानं, धावता कुत्रा, उडतं तितर.
ज्याला मारायचं त्याचंच चित्र
मारणाऱ्या वस्तूवर.
याचा विचार विशीत केला होता,
मग सोडून दिला. भाडं भरायचं होतं.

आता रात्री तीन वाजता
उजव्या हाताची तीन बोटं
दुसऱ्या कुणाची असल्यासारखी उशीवर पडलेली असतात.
ब्रेशियाचा डॉक्टर म्हणाला, नस दबलीय.
काम बदला, नाहीतर अवजार बदला.
काम बदला, किती सहज म्हणाला,
जणू सदरा बदला.

पहिला दांडा जाडजूड. ठोका लांब.
खोल खणायला बरा,
पोलादाचा कीस कुरळा होऊन उडाला
आणि मुंग्या कोपरापर्यंत चढल्या.
खाली ठेवला.

दुसऱ्याला पायाचं पेडल.
माझा पाय आईच्या शिवणयंत्रावर वाढलेला,
तो लगेच धावत सुटला.
वळण संपलं तरी हवा संपेना,
रेघ पानाबाहेर गेली.
नेव्हिओ हसला नाही. चांगला मुलगा आहे.

तिसरा जेमतेम करंगळीएवढा.
तळव्याने दाबायचा,
जेवढं दाबाल तेवढाच वारा.
न दाबता नुसता धरला
तर आत काहीतरी हलकेच धडधडत राहतं,
घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलल्यासारखं.
जीव मुठीत धरणं म्हणजे भिणं,
एवढंच माहीत होतं मला आजवर.

तितराचा डोळा कोरला.
बुबुळाभोवती अकरा रेघा, केसाहून बारीक.
भिंगाखाली धरला, तर तितरच
माझ्याकडे बघत होतं, जरा रागाने.

किंमत ऐकली.
खिडकीतून मेल्ला नदीकडे बघत राहिले,
तिच्यात पाणी कमी, दगड जास्त.
चार हप्ते, नेव्हिओ म्हणाला.
सहा, मी म्हटलं. पाचावर आलो.

पण अडत होतं ते पैशापाशी नाही.
बत्तिस्ता, माझा उस्ताद, एक्क्याण्णव वर्षांचा,
अजून शेजारच्या खोलीत बसतो.
डोळे गेले, कान तेवढे शाबूत.
टक, टकटक, टक,
हातोडीवरून त्याला कळतं
मी कुठे बिचकले, कुठे रेटून नेलं.
भिंतीपलीकडून ओरडतो, वळणावर श्वास घे, मुली!
आणि हा दांडा?
बरणीत अडकलेली माशी.
त्या गुणगुणीत चुका ऐकू येत नाहीत,
शाबासकीही मागता येत नाही.

घेतला तरी.
कंप्रेसर न्हाणीघरात ठेवला, जुन्या रजईत गुंडाळून.
पहिल्या दिवशी बत्तिस्ता जेवणापर्यंत गप्प.
मग पोलेंता चिवडत म्हणाला,
"काम सोडलंस, तर मला सांगायचं होतंस."

त्याला हाताला धरून बाकापाशी आणलं.
पट्टी जिच्यात आवळली होती
त्या लोखंडी गोळ्यावर त्याचा तळवा ठेवला
आणि वेल सुरू केली.
बराच वेळ तो तसाच उभा,
तोंड किंचित उघडं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा.
न्हाणीघरात कंप्रेसरने एकदा दम भरला.
तिसऱ्या वळणावर
त्याची मधली दोन बोटं उचलली गेली.
"इथे," तो म्हणाला,
"इथे तू अजून घाई करतेस."

मी दाब सोडला.
भिंग लावून पाहिलं.
केली होती.