पाऊणपट

दिवाळीनंतर दापोलीच्या डॉक्टरनं
कागदावर साखरेचा आकडा लिहिला,
भोवती गोल केला
आणि पेन खिशात ठेवलं.

घरी येऊन मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं,
उलटं केलं, पाठीमागे नियम लिहिले. अकरा.
पाचला उठणे. बंदरापर्यंत चालणे.
चहात साखर नाही. उधारी त्याच दिवशी वहीत.
मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत.
रागावण्याआधी दहापर्यंत मोजणे, वगैरे.
अक्षर इतकं देखणं आलं
की वाचूनच निम्मा सुधारलो.

पाचव्या दिवशी, हर्णैचा लिलाव रंगात असताना,
तीन चमचे साखरेचा चहा उभ्यानंच घेतला.
घरी कॅलेंडर पुन्हा सुलटं झालं.
तारखा दिसायला नकोत का?

माझं दुकान बोटींच्या इंजिनांचं.
बावीस पाने, त्यातले सापडायचे सात.
हुसेनमिया परकार, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो,
आता ऐंशीचे, डोळे जवळजवळ गेलेले,
अजून दुपारी येतात आणि भिंत चाचपतात.
"चौदाचा कुठंय?"
मी ताडपत्रीखाली शिरलेला, गुडघ्यावर, ग्रीसमध्ये.
नियमांचं त्यांना सांगितलं तर हसले.
"अकरा कशाला रे? एक धर.
चौदाचा पाना खिळ्यावर, मग चहा."

धरला.
काही घडलं नाही.
कुणी ओळखलं नाही, बायकोनंही नाही.
फक्त आठवड्यानं चौदाच्या शेजारी
तेराचा येऊन टांगला गेला, लाजत लाजत.
मग प्यालेला पेला लगेच विसळला.
मग एकदा चपला जोडीनं काढल्या,
आणि धाकटी म्हणाली, "बाबा, पाहुणे आलेत का?"

मार्गशीर्षात एका ट्रॉलरचा गिअरबॉक्स बसला.
चार दिवस, दोन रात्री तिथंच.
पाने फळीवर, चालणं नाही, वही कोरी.
पाचव्या दिवशी म्हटलं, संपलं,
माझ्यासारख्याचं एवढंच.

वाळूत जयवंती चोगले सुकट पसरून बसली होती.
"मेकॅनिक, आज भरती किती वाजता?"
"तिथी कोणती?"
"अष्टमी."
"आठाची पाऊणपट. सहा."
"काल मी सव्वापाचला आवरली."
"बरोबर. सप्तमी होती."
"उद्या पावणेसात मग," ती म्हणाली,
"वेळ पाण्याची, आवरणं माझं,"
आणि कावळा हाकलायला उठली.
तिला माझं काहीच माहीत नव्हतं.

मी तिथंच उभा राहिलो, चपला हातात.
एवढं पाणी. रोज पाऊण तास उशिरा येतं
आणि कुणाची माफी मागत नाही.
भांगाला जेमतेम पहिल्या होडीपर्यंत चढतं,
उधाणाला रस्ता ओला करतं,
पण एकही दिवस चुकवून
"आता पुढल्या वर्षी बघू" म्हणत नाही.

तेव्हापासून पाचचा हट्ट सोडला.
कधी सहाला निघतो, कधी लिलाव उठल्यावर.
कधी बंदरापर्यंत,
कधी नुसता वळणावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत,
आणि तो भांगाचा दिवस समजतो.
उधारी वहीत जाते. कधी दोन दिवसांची एकदम.
रागाचं मात्र अजून तीनपर्यंतच येतं.
चौथ्याला तोंड उघडतं.

परवा दापोलीला गेलो.
आकडा थोडा उतरलाय.
डॉक्टरनं लिहिला, गोल केला नाही.

दुपारी हुसेनमिया आले, भिंतीवरून हात फिरवत.
चौदा. तेरा. दहा-अकरा.
बोटं पुढं सरकली, एका रिकाम्या खिळ्यावर थांबली.
"बाराचा?"

मी ताडपत्रीखाली.
वर चहा गार होतोय, बिनसाखरेचा.