टक

बिजागऱ्या पितळेच्या, बोटाच्या पेराएवढ्या.
रत्नागिरीहून आणल्या, आठ स्क्रूंच्या पुडीसकट;
एक जादा मागितला तर दुकानदार हसला.
लोखंडाच्या नकोत, म्हटलं,
आमच्या पूर्णगडात लोखंड
दोन पावसाळ्यांत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं.

पेटी उस्मानचाचा सोलकरांची.
शिवणीच्या लाकडाची, वीतभरही नाही.
आत राहणार त्यांचं कानाचं मशीन,
मुलीनं कुवेतहून पाठवलेलं,
आजवर तपकिरीच्या गंजक्या डबीत निजणारं,
आणि दमट हवा पिऊन घ्यायला
फडक्यात बांधलेले चिमूटभर तांदूळ.

चाळीस वर्षं फळ्यांच्या सांध्यांत
कापूस आणि राळ ठोकून ठोकून
चाचांचे कान आधी गेले, गलबतं नंतर.

"तुझी ती बिजागरी," ते म्हणाले,
"मला कधी कळलीच नाय, भिव्या.
होडीला ती नसते.
दर्यात काय उघडलं-मिटलं, म्हणजे बुडालं."
आणि माझ्याच स्टुलावर बसून राहिले.

कडेपासून चार सूत आत.
रेघ सुरीच्या टोकानं;
पेन्सिलीच्या रेघेत एक अख्खी चूक मावते.
मग पटाशीनं खाच, पात्याच्या जाडीएवढीच.
खोल गेली तर झाकण मागच्या बाजूला अडतं
आणि पुढून तोंड उघडं ठेवतं,
जांभई अर्ध्यात राहिल्यासारखं.

माझी गेली. डावीकडची. केसभर.
चाचांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.
बोलले नाहीत.
विडीचं बंडल काढलं, वरचा कागद फाडला,
दुमडून माझ्यापुढे धरला.
बिजागरीखाली आता लाल शिक्का आहे कुठल्याशा विडीचा.
पेटी मोडेपर्यंत तो कुणाला दिसायचा नाही.

आधी एकेका पात्याला एकच स्क्रू,
तोही लोखंडाचा, वाट पाडण्यापुरता.
पितळ मऊ. रागानं पिळलं
तर मान हातात येते, धड आत राहतं.
मग तो काढून साबणाच्या वडीवर घासलेला पितळी.
झाकण मिटून पाहिलं: उजवीकडे सुताभर बाहेर.
सैल केलं, सरकवलं. आता डावीकडे.
पुन्हा.
सुरू केलं तेव्हा खाडी भरलेली होती;
आता तिवरांची मुळं उघडी,
आणि चिखलात कुणाची तरी एक चप्पल.

पुन्हा.

टक.

इतका लहान, इतका गोल आवाज
वर्षभरात माझ्या हातून झाला नव्हता.
"ऐकलंत?"
"ऐकलं, ऐकलं," चाचा म्हणाले,
मशीन कानातून काढलं, तांदळावर ठेवलं,
झाकण मिटलं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.
हा आवाज पेटी रोज करणार,
रात्री, दिवा मालवायच्या आधी,
आणि तो ऐकायचं साधन
नेमकं त्याच वेळी पेटीच्या पोटात असणार.

चाचांनी झाकणावर तळहात ठेवला,
आतून कुणी हातोडी मारतंय का
हे फळीवर हात ठेवून बघावं तसा.
उघडलं. मिटलं. उघडलं.
तिसऱ्यांदा मिटताना डोळेही मिटले.
"बसलं!" म्हणाले,
पलीकडच्या गिरणीत दळण थांबेल एवढ्या मोठ्यानं.

नववा स्क्रू पाटावर उरला होता.
तो उचलून त्यांनी विडीच्या बंडलात खोचला.
"होडीला लागेल."
कुठली होडी, असं मी विचारलं खरं.
पण मशीन पेटीत होतं,
आणि ते दाराबाहेर पडून
चपलेच्या दिशेनं चिखलात उतरले होते.